खाली सगळं ऐकू येतं

लाँड्रीतल्या बायकांनी धाकटीचं नाव ‘घसरगुंडी’ ठेवलं होतं, कारण ती सारखी कुठेतरी घसरायची. कधी न्हाणीघरात, कधी जिन्यावर, एकदा तर म्हणे भर उन्हात कोरड्या गच्चीवर. ओठ फुटलेला दिसला की बायका विचारायच्या, “काय गं, आज कुठे?” ती म्हणायची, “पायरीवर.” मग हशा. बायका वाईट नव्हत्या आणि त्यांना कळत नव्हतं असंही नाही. पण कळलंय असं दाखवलं की पुढे काहीतरी करावं लागतं, आणि हसून सोडलं की काही करावं लागत नाही. एवढं शहाणपण जगात सगळ्यांनाच असतं. आपण तरी तिला त्या नावाने हाक मारायला नको. दोन बहिणींतली ती धाकटी, म्हणून धाकटीच म्हणू.

लाँड्री मोठी होती. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी तिथे धुवायला यायच्या. धाकटी रोलरवर होती. दोन बायकांनी ओल्या चादरीची दोन टोकं धरायची, तापलेल्या रोलरच्या तोंडात सारायची, की पलीकडून कडक इस्त्रीची चादर बाहेर. रोलरला चादर आणि बोट यांतला फरक कळत नाही. म्हणून तिथे एक रीत होती. कोणाचं बोट रोलरजवळ गेलेलं दिसलं की जिला दिसेल तिने ओरडायचं, “हात!” बस्स, एवढंच. नाव घ्यायचं नाही, “अगं बाई” म्हणायचं नाही. “हात!” ऐकलं की जो जिथे असेल तो हातातलं टाकून मशीन बंद करायच्या लाल बटणाकडे धावायचा. मशीनच्या घरघरीवर मात करायची म्हणजे आवाजही तसाच लागतो. धाकटीच्या जोडीदारणीला तर सगळे ‘भोंगा’च म्हणत. तिच्या खालोखाल आवाज धाकटीचा. तिने एकदा दिलेला “हात!” रस्त्यापलीकडच्या सलूनमध्ये ऐकू गेला होता आणि गिऱ्हाइकाच्या गालाला वस्तरा लागला होता.

हाच आवाज घराच्या उंबऱ्याशी आला की मुका व्हायचा. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिने ओरडून पाहिलं होतं. तिला लवकरच समजलं की ओरडलं की मार लांबतो आणि गप्प राहिलं की लवकर आटपतो. मग ती गप्प राहायला शिकली. दात दातांवर दाबायचे, श्वास नाकाने घ्यायचा, डोळे छताच्या एका कोपऱ्यावर ठेवायचे. कितीतरी वर्षांत तिने घरात साधं “आई गं” म्हटलं नव्हतं.

नवरा तोडकामाचा मुकादम होता. जुनी घरं पाडायची टोळी त्याच्या हाताखाली होती. बोटांच्या गाठी भिंतीवर वाजवून तो सांगायचा, ही पोकळ, ही भरीव, हिच्यात ओल आहे. घण कुठे घातला की भिंत कुठे बसेल हे तो अचूक सांगायचा, आणि माणसाचंही त्याला तेवढंच कळायचं. बरगड्या, मांड्या, पाठीचा खालचा भाग, जिथे कपडे असतात तिथेच. चेहऱ्याला हात तो फक्त भान सुटलं की लावायचा. चारचौघांत मात्र माणूस लाखात एक. लहान मुलांना खांद्यावर घेणारा, म्हाताऱ्यांच्या पिशव्या उचलणारा, कुठेही गेला की पाच मिनिटांत हशा पिकवणारा. ताई तर, म्हणजे धाकटीची थोरली बहीण, त्याच्यावर जीव टाकायची. “दिवा घेऊन शोधला असतास तरी असा नवरा मिळाला नसता,” म्हणायची. धाकटीने एकदा धीर करून ताईला पाठ दाखवली, तर ताई म्हणाली, “घरात भांड्याला भांडं लागतंच गं. तूही जरा तोंड सांभाळून राहा.” एकदा धाकटी नेसत्या कपड्यानिशी ताईकडे पळूनही गेली होती. दुसऱ्या दिवशी ताईच तिला परत पोचवायला आली, आणि येताना मुकादमाच्या आवडीचं करून डबा घेऊन आली.

शेवटी धाकटी अर्ज लिहून पोलीस चौकीत गेली. तिथल्या हवालदाराने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि विचारलं, “कोणी बघितलंय? कोणी ऐकलंय?” त्यांच्या घराखाली लोखंड कापायचा कारखाना होता. ऐकणार कोण, करवत? “मग बघा बुवा,” हवालदार म्हणाला, “तुमचा शब्द आणि त्यांचा शब्द.” हा हवालदार मुकादमाला ओळखत होता. संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्याने हसत हसत सांगूनही टाकलं, “अहो, वहिनी आल्या होत्या आमच्याकडे! काय भांडलात काय?” असल्या हवालदाराला काय म्हणावं? त्याने हे लबाडीने केलं नाही, गप्पांच्या ओघात केलं. चुलीत घाला तो ओघ.

त्या दिवशी मुकादम घरी आला आणि त्याने तिला मारलं नाही. स्वतः चहा केला, कप तिच्या हातात दिला आणि शांतपणे म्हणाला, “सुट्टी काढ. चार दिवस गावाकडे कुठेतरी जाऊ. गेल्या वर्षीच्या कुटीत जाऊ. निवांत बोलू.”

ती कुटी रानात होती, आजूबाजूला कुत्रंसुद्धा नव्हतं. गेल्या वर्षी तिथे त्याने धाकटीचं डोकं गुरांच्या पाण्याच्या हौदात दाबून धरलं होतं. मनगट मोडलं ते त्याच वेळी, हौदाचा काठ धरताना. तेव्हा तो चिडलेला होता, म्हणून दमल्यावर त्याने तिला सोडलं. या वेळी तो चिडलेला नव्हता. आपण त्या कुटीत गेलो तर परत येणार नाही, हे तिला उघड दिसलं. आणि मग हा माणूस रडत रडत ताईला सांगेल की ती हौदाच्या काठावरून घसरली, आणि ताईचा, चौकीचा आणि लाँड्रीचा सगळ्यांचा त्यावर विश्वास बसेल.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने भोंग्याला सगळं सांगितलं आणि तिचा फोन मागितला. स्वतःचा फोन मुकादम रोज तपासायचा.

“सुट्टीला जायचंच असेल तर जागा मी निवडणार,” धाकटी म्हणाली.

“मरायचंय काय तुला! जाऊच नकोस ना,” भोंग्याने हळू आवाजात म्हटलं, म्हणजे फक्त निम्म्या लाँड्रीला ऐकू गेलं.

“नाही म्हटलं तर घरातच करेल. खाली करवत चालूच असते.”

दोघी चादरींच्या गाठोड्यावर बसून घरं बघू लागल्या. गावाकडची घरं, पाहुण्यांना एक खोली आणि सकाळची न्याहारी देणारी. भोंगा चांगलं चांगलं वाचून दाखवत होती. “हे बघ, समोर डोंगर. पाखरांची किलबिल म्हणे.”

“पाखरं साक्षीला येत नाहीत,” धाकटी म्हणाली. “तक्रारी काय आहेत ते वाच.”

मग त्यांनी नुसत्या तक्रारी वाचल्या. इथे गारठा, तिथे डास, कुठे गाद्यांना वास. धाकटी मान हलवत राहिली. आणि मग एक जुनं दगडी घर निघालं. एका पाहुण्याने रागावून लिहिलं होतं, “मालकीण फार चौकस. कुठून आलात, काय करता, भुवईला काय लागलं, सगळं विचारते.” दुसऱ्याने लिहिलं होतं, “न्याहारीला सगळ्यांनी एकाच टेबलावर बसायचं. कोणी उतरलं नाही तर बाई वर येऊन दार ठोठावते. आम्ही सुट्टीला आलो होतो की शाळेला?” आणि तिसऱ्याने, पाचांतली एकच चांदणी देऊन, “वरची खोली बरोबर न्याहारीच्या टेबलावर आहे. जमीन लाकडी फळ्यांची. वर शिंकलं तरी खाली सगळं ऐकू येतं.”

भोंगा म्हणाली, “शी! असल्या घरात कोण जाईल?”

धाकटीने फोन हातात घेतला आणि ती शेवटची ओळ पुन्हा वाचली. “हेच,” ती म्हणाली.

आता मुकादमाला तिकडे वळवायचं होतं. तो मूर्ख नव्हता, उलट्या खोपडीचा होता, आणि ते वेगळं. जेवताना ती म्हणाली, “कुटीच बरी. मोकळी हवा असते. ताई एक दगडी घर सुचवत होती, पण तिथे म्हणे भिंती दोन दोन हात जाड आहेत. आत फोनसुद्धा लागत नाही. कोंदट असणार.”

मुकादमाचा घास हातातच थांबला. “दोन हात?”

“जुनं बांधकाम आहे म्हणे. जाऊ दे. तिथे नुसती सकाळची न्याहारी आयती मिळते, बाकी काही नाही.”

आयती न्याहारी हा दुसरा गळ होता. गेल्या वर्षी हिचं मनगट मोडल्यावर त्या कुटीत मुकादमाला स्वतःचा चहा स्वतः करून प्यावा लागला होता, आणि त्या हालअपेष्टांबद्दल त्याने तिला अजून माफ केलं नव्हतं. तो विचार करत जेवला. ताट बाजूला सारून तो उठला, तिच्या मागे आला आणि तिच्या टाळूवर बोटांच्या गाठी वाजवल्या. एकदा हळू, एकदा जोरात, मग असं की तिचे दात एकमेकांवर आपटले आणि जीभ चावली गेली.

“पोकळ,” तो म्हणाला. “ताईशी बोललीस, मला न विचारता. तुला कोंदट वाटतं ना? मग तिथेच जाऊ.”

तोंडात रक्ताची चव होती. तिने ते गिळलं आणि ताटं उचलली. मनातल्या मनात ती हसत होती, हे खरं आहे.

घर लिहिलं होतं तसंच निघालं, टेकडीच्या उतारावर, दगडाचं, ठेंगणं. मालकीण फाटकातच उभी होती. आल्याआल्या तिने विचारलं, “किती वर्षं झाली लग्नाला? मुलं नाहीत? आणि हे मनगट असं वाकडं का?” धाकटीला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण तिने फक्त वरची खोली मागितली. मुकादमाने तिथल्या तिथे बाईंची मोडकी बिजागरी ठीक करून दिली, अंगणात बसलेल्या निवृत्त मास्तरांना आणि त्यांच्या बायकोला एक विनोद सांगितला, आणि शेतकऱ्यांना बियाणं विकत फिरणाऱ्या एका धिप्पाड पाहुण्याला पाठीवर थाप मारून ‘पैलवान’ म्हणून टाकलं. संध्याकाळपर्यंत घर त्याचं झालं होतं.

वर खोलीत आल्यावर त्याने दार लावलं आणि चारी भिंती वाजवून बघितल्या. ठक, ठक. “दगड आहे, दगड! असलं काम आता होत नाही. तोफ डागली तरी पलीकडे कळायचं नाही.” तो अगदी खूश होता. भिंत, दार, खिडकीची चौकट, सगळं त्याने तपासलं. पायाखाली मात्र बघितलं नाही. तोडकामात जमीन कोणी वाजवून बघत नाही, भिंती गेल्या की ती आपली आपण खाली जाते. शिवाय फळ्यांवर जाड सतरंजी होती. धाकटी तिच्यावर उभी राहिली आणि पायाच्या अंगठ्याने फळी चाचपत राहिली.

दिवेलागणीला त्याने विचारलं, “चौकीत काय काय सांगितलंस?” आणि उत्तराची वाट न बघता पोटात गुद्दा घातला. ती वाकली तशी त्याने केस धरून तिला पलंगाच्या कडेवर आपटलं. ती सतरंजीवर पडली. मग लाथा. त्याने बूट काढून ठेवले होते, कारण बुटांचे वळ उठतात. तो शांतपणे, मोजूनमापून मारत होता, जशी भिंत पाडण्याआधी तिचे जोड मोकळे करतात. तिचा कान जमिनीला लागला होता. खाली कोणीतरी कपात साखर ढवळत होतं. कोणीतरी खोकलं. मास्तरीणबाई म्हणाल्या, “थंडी पडणार.” शब्द न् शब्द ऐकू येत होता.

आता येतील, धाकटीला वाटलं. आता जिना वाजेल.

कोणी आलं नाही. फळीखाली रेडिओवर मोठ्याने गाणं लागलं. मुकादम दमला, पाणी प्यायला आणि झोपला. ती रात्रभर स्वतःलाच बोल लावत राहिली. आपण आवाजच केला नाही, तर ते तरी काय ऐकणार? घर निवडलं, खोली निवडली, फळ्या निवडल्या, आणि ओरडायचं असतं हेच विसरलो. तिने उशीत तोंड घालून ओरडून बघायचा प्रयत्न केला. घशातून नुसती हवा आली.

सकाळी न्याहारीला सगळे टेबलाभोवती बसले. अंडी होती, पाव, लोणी, किटलीभर चहा. मालकीणबाईंनी सगळ्यांना विचारलं तसं धाकटीलाही विचारलं, “झोप लागली का?” आणि तिच्या जबड्याकडे बघत राहिल्या. पलंगाची कड तिथेच लागली होती.

हीच ती वेळ. याच प्रश्नासाठी ती इतक्या लांब आली होती. तिने तोंड उघडलं. टेबलावरचे सगळे तिच्याकडे बघत होते, आणि तिला शब्द सापडेना.

“घसरल्या बाईसाहेब!” मुकादम पावाला लोणी लावत म्हणाला. “आमच्या हिचा आणि जमिनीचा पूर्वजन्मीचा काहीतरी संबंध आहे बघा.” मास्तर हसले, पैलवान हसला. मालकीणबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी किटली उचलली आणि पुढच्या कपात चहा ओतला.

तोंड उघडून ती क्षणभर थांबली होती. मुकादमाने तेवढं पाहिलं. टेबलाखाली त्याचा हात तिच्या मांडीवर आला आणि त्याने चिमटीत मांस धरून पिळलं. “जरा वर ये,” तो प्रेमाने म्हणाला. “माझी टोपी सापडत नाही.”

वर गेल्यावर त्याने दार पूर्ण लावलं नाही, अर्धवट लोटलं. दार जुन्या लाकडाचं होतं, जाड, जड. एका फटक्यात त्याने तिला गुडघ्यांवर पाडलं आणि ओढत दाराच्या मागे, बिजागरीच्या बाजूला नेलं. तिथे दार आणि चौकट यांच्यात फट असते.

“काय सांगणार होतीस खाली?” त्याने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. “चौकीत अर्ज लिहिलास तो कुठल्या हाताने? उजव्या ना?”

त्याने तिचा उजवा हात त्या फटीत घातला, मनगट गुडघ्याखाली दाबलं आणि दार सावकाश लोटायला सुरुवात केली. फट मिटत आली. बोटांवर लाकूड टेकलं. तिने सवयीने दात आवळले, श्वास नाकाने घेतला, छताचा कोपरा शोधला. खाली चमचे वाजत होते. करंगळीचं हाड मोडलं ते तिला ऐकू आलं, आणि शेजारचं मोडायला लागलं, आणि बोटं आत ओढली जात आहेत, आत, रोलरच्या तोंडात,

“हात!”

हा आवाज तिने काढला नाही. तो निघाला. घरातल्या बाईचा नव्हता तो, घरघरणाऱ्या मशीनवर मात करणाऱ्या लाँड्रीवालीचा होता. “हात! हात! हात!” खिडकीची काच थरथरली. खाली एकदम सगळं थांबलं, आणि मग खुर्च्या पडल्याचे आवाज आले.

मुकादम क्षणभर नुसता बघत राहिला. त्याने बायकोचा हा आवाज कधी ऐकलाच नव्हता. मग त्याने दार सोडलं, तिच्यावर झेप घेतली आणि दोन्ही हातांनी गळा धरला. “गप्प! गप्प बस!” तिच्या डोळ्यांपुढे काळं यायला लागलं. पण जिना दणदणत होता, आणि खालून पैलवान ओरडत होता, “हात अडकला वाटतं कोणाचा! बर्फ आणा, बर्फ!”

नवरा-बायकोच्या मारामारीत कोण पडतो? दारात बोट अडकलं म्हटल्यावर मात्र सगळं घर धावलं. दार धाडकन आत उघडलं. पुढे पैलवान, त्याच्यामागे बर्फाचं भांडं घेतलेल्या मालकीणबाई, मग मास्तर, आणि सगळ्यांत मागे मास्तरीणबाई, हातातली चहाची किटली खाली ठेवायचीसुद्धा विसरलेल्या.

मुकादमाने मान वळवली आणि तो त्यांच्याकडे बघून हसला. नेहमीचं, लाख मोलाचं हसू. “काही नाही हो, हिचा हात अडकला दारात,” तो म्हणाला. गळ्यावरचे हात काढायचे मात्र त्याच्या लक्षात राहिले नव्हते.

पैलवानाने त्याला मागून बगलेत धरून उचललं. मुकादमाने डोकं मागे झटकलं आणि पैलवानाचं नाक फुटलं, रक्त सतरंजीवर सांडलं. मास्तर मध्ये पडले. त्यांना छातीवर गुद्दा बसला आणि ते भिंतीला आपटून खाली बसले. दोन हात जाडीची भिंत, मास्तरांच्या डोक्याला खोक पडली. नवऱ्याला पडलेला पाहून मास्तरीणबाई काही बोलल्या नाहीत. त्या दोन पावलं पुढे आल्या आणि त्यांनी अख्खी किटली मुकादमाच्या मानेवर रिकामी केली. तो गुरासारखा ओरडला. मग पैलवान त्याच्या पाठीवर बसला आणि त्याने त्याचं तोंड जमिनीला घासलं, जरुरीपेक्षा जास्त वेळा. कोणी त्याला थांबवलं नाही. धाकटी दाराशी पडून खोकत होती आणि तिला ते बघून बरं वाटत होतं. वाटायलाच हवं होतं.

मास्तरीणबाईंनी अंगणात जाऊन पोलिसांना फोन केला. फौजदाराची जीप येईपर्यंत मालकीणबाईंनी तिला खाली न्याहारीच्या टेबलाशी बसवलं, बोटं बर्फात ठेवली. त्या एकाएकी रडायला लागल्या.

“काल संध्याकाळीही ऐकलं होतं मी,” त्या म्हणाल्या. “आपटल्याचा आवाज. मग लाथांचा. या टेबलाशीच बसले होते.”

धाकटीने वर बघितलं.

“मला वाटलं, नवरा-बायकोचं आहे, आपण कशाला,” मालकीणबाई म्हणाल्या. “पाहुणे बसले होते. त्यांना त्रास नको म्हणून मी रेडिओ लावला, मोठ्याने.”

धाकटीला मुकादमाचाही इतका राग कधी आला नव्हता. त्याच्याकडून तिला काही अपेक्षाच नव्हती. या बाईला मात्र तिने निवडलं होतं, जगातल्या सगळ्या घरांमधून शोधून काढलं होतं. “तुम्ही भुवईला काय लागलं ते विचारता म्हणून आले मी इथे,” ती म्हणाली. घसा फाटला होता, शब्द खरखरत बाहेर येत होते. “दार ठोठावता म्हणून आले. काल का नाही ठोठावलंत?”

मालकीणबाईंनी पदराने तोंड पुसलं.

“हे सांगाल त्यांना?” धाकटीने विचारलं. “कालचं?”

“माझ्या घराचं नाव जाईल गं. मी ऐकून गप्प बसले असं झालं तर लोक...” त्या थांबल्या. “आजचं सगळं सांगते ना. आजचं तर सगळ्यांनी पाहिलंय.”

“आजचं तो बोलून खाऊन टाकेल. तुम्ही ओळखत नाही त्याला. हात अडकला, मी सोडवत होतो, ही घाबरून ओरडली, आणि या लोकांनी मला मारलं. झालं. तुम्ही कालचं नाही सांगितलंत तर मी उद्या त्याच्याच घरी असेन.”

आणि तसंच व्हायला लागलं. अंगणात जीप थांबली, दोन शिपायांनी मुकादमाला खाली आणलं. मान भाजलेली, ओठ सुजलेला, तरी तो फौजदारांना बघून हसला. “साहेब, माफ करा, सकाळी सकाळी तुम्हाला तसदी,” तो म्हणाला. “बायकोचा हात दारात अडकला. मी काढायला गेलो, तर या पैलवानाला वाटलं कुस्तीच चाललीय. यांचं नाक बघा, आणि माझी अवस्था बघा. न्याहारीच्या टेबलावर बसायला नको होतं, आखाड्यात उतरायला हवं होतं.” फौजदारांच्या मिशीखाली किंचित हसू आलं. एक शिपाई तर उघड हसला. धाकटीने डोळे मिटले. ताईचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोर आला, डबा हातात घेतलेला.

फौजदार खुर्ची ओढून बसले. “बाई, घर तुमचं ना?” त्यांनी मालकीणबाईंना विचारलं. “आज सकाळी नक्की काय झालं?”

मालकीणबाई उभ्याच राहिल्या. टेबलाची कड त्यांनी दोन्ही हातांनी धरली. धाकटीकडे त्यांनी बघितलं नाही.

“सकाळचं मागाहून,” त्या म्हणाल्या. “कालपासून सांगते. काल संध्याकाळी हा माणूस वर हिला लाथा मारत होता. मला खाली स्वच्छ ऐकू येत होतं, आणि मी उठून वर गेले नाही. मी रेडिओ मोठा केला. ते आधी लिहा.”

“मीही ऐकलं होतं,” डोक्याला फडकं बांधलेले मास्तर म्हणाले. पैलवानाने नाकावरचा रुमाल काढला, खाली बघितलं आणि हळूच हात वर केला.

मुकादमाचं हसू अजून तोंडावर होतं, पण आता त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. फौजदार लिहायला लागले. आणि धाकटी त्या टेबलावर डोकं टेकून रडायला लागली, मोठ्याने, गळा काढून, सगळ्या घराला ऐकू जाईल असं. कोणी तिला गप्प बस म्हटलं नाही.